माती रोज खणावी लागते

वांगी भाजायला ठेवली होती. जळगावला आमच्या घरामागं थोडी मोकळी जागा आहे, तिथं थंडीत मी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजते. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला आमच्या घरात कुणी भरीत म्हणत नाही. तर वांगी निम्मी भाजून झाली होती आणि धुळ्याहून कविताचा फोन आला. कविता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची सून. सकाळी याच वेळेला तिचा फोन रोज यायचा, म्हणून मी राखेचा हात न पुसताच उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय गं, गेले का आजोबा-नात आखाड्यात?" ती म्हणाली, "आत्या, नाना माती खणता खणता खाली बसले... ते उठलेच नाहीत." वांगी तशीच विस्तवावर राहिली. त्यांचा कोळसा झाला, तो दुसऱ्या दिवशी शेजारणीनं उचलून टाकला.

माझा भाऊ रघुनाथ. अख्खी गल्ली त्याला नाना वस्ताद म्हणायची, म्हणून मी मोठी बहीण असून मीही नानाच म्हणायला लागले. धुळ्यात जुन्या वस्तीत, पांझरेपासून हाकेच्या अंतरावर एक छोटा आखाडा आहे. पत्र्याचं छप्पर, एका भिंतीत शेंदूर लावलेला मारुती आणि मधोमध तांबड्या मातीचा खड्डा. नाना गिरणीत कामाला होता, पण गिरणी हे त्याचं पोट होतं आणि आखाडा हा त्याचा जीव. जत्रांमधून कुस्त्या खेळला, चांदीची कडी आणली, मग गुडघा गेला तेव्हा वस्ताद झाला. मी लहानपणी त्याच्यासाठी दुधाचा तांब्या घेऊन जायचे तो उंबऱ्यापर्यंत. बाईमाणसानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही हा तिथला दंडक. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू... विहिरीत जसं उतरायचं नसतं तसं आखाड्यात जायचं नसतं, एवढंच डोक्यात होतं. तिथूनच आत बघायचे. पहाटे सगळ्यात आधी नाना फावडं घेऊन खड्डा खणायचा. कुस्ती असो-नसो, आजारी असो, घरात लग्न असो. एकदा विचारलं तर म्हणाला, "अक्का, माती एक रोज सोडी दिधी ना, तर ती दगड व्हई जास. मंग तिच्यावर पडणारानी पाठ फुटस." माझ्याशी तो शेवटपर्यंत अशी आमची अहिराणीच बोलला.

त्याला नात झाली, आरोही. नातवासारखा आनंद केला नानानं, गल्लीत गूळ-फुटाणे वाटले. पण पोरगी रडली की तिचे ओठ जांभळे व्हायचे. आम्ही बायका म्हणालो, थंडी आहे, गुंडाळून ठेवा. दूध प्यायला लागली की घामानं डबडबायची आणि अर्ध्यावर थकून झोपायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि चेहरा गंभीर केला. हृदयात जन्मापासून दोष आहे, शुद्ध आणि अशुद्ध रक्त एकमेकांत मिसळतं आहे, असं कळलं. मग मुंबई, मोठा दवाखाना, काचेमागची ती एवढीशी पोर. नाना तिथल्या व्हरांड्यात मांडी घालून बसला होता, पाठ ताठ, कुस्तीच्या आधी बसायचा तसा. ऑपरेशन छान झालं. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. छातीच्या मधोमध उभी रेघ घेऊन पोरगी घरी आली, ओठ गुलाबी झाले, आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

आता इथून पुढची गोष्ट सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे. हृदयाचं ऑपरेशन झालेलं बाळ म्हणजे काचेचं भांडं, असं आमच्या घरानं धरलं. ती रडली की चार हात पुढं. खाली ठेवायची नाही, पालथी तर अजिबात नाही, टाके दुखतील. या मांडीवरून त्या मांडीवर. महिने गेले. तिच्या बरोबरीची पोरं बसायला लागली, रांगायला लागली, ही मात्र मानही नीट धरेना. कविता कुणाला तरी विचारू म्हणायची, पण वस्तादासमोर अंगाच्या बाबतीत कोण बोलणार? शरीर म्हणजे त्याचा प्रांत. त्यानं खुराक आणि मालीश सुरू केली. मी एकदा गेले तर म्हणाला, "ये अक्का, तुले एक गंमत दाखाडस." पोरीला कमरेला धरून उभं केलं. तिनं दोन्ही पाय ताडकन ताठ केले, टाचा वर, चवड्यांवर उभी. नानाचा चेहरा असा फुलला! "हाई देख! मनी नात पहिलवान शे. मांड्या देख, लोखंड! आन् डावी मूठ देख, कशी आवळेल शे. हाई मूठ कोणी सोडाई दाखाडा!" येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हे दाखवायचा. पहिलवान मंडळीही वा वा करायची. एवढ्याशा पोरीचे पाय दाबून बघायची आणि म्हणायची, नाना, रक्त बोलतं. कविता मात्र ओट्याशी पाठ करून उभी असायची.

धुळ्यातच हृदयाच्या तपासणीला आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, पण बाळ बसतं का? नानानं छाती काढून सांगितलं, "बसत नाही साहेब, डायरेक्ट उभी राहते." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लहान मुलांच्या व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथं निलोफर मॅडम होत्या, वयानं नानाच्या लेकीएवढ्या. मी बरोबर होते, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं सांगते. मॅडमनी पोरीला चटईवर ठेवलं, हातपाय हळूच हलवून बघितले, डोळ्यांसमोर खुळखुळा फिरवला. नानाला राहवेना. "मॅडम, तुम्ही तिला उभी करा ना, मग बघा." त्यानंच केली उभी. पाय ताठ, टाचा वर. मॅडमनी तिला हळूच परत चटईवर ठेवलं. मग म्हणाल्या, "नाना, राग मानू नका. ही ताकद नाही. हा ताठरपणा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती पाय ताठ करत नाहीये. ते होत आहेत. तिला ते सोडता येत नाहीत. मूठसुद्धा तशीच. तिनं धरलेली नाही ती... तिला उघडता येत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी ते माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर माझं. हृदयात असा दोष असला की काही बाळांच्या मेंदूला पोटात असल्यापासूनच हवं तेवढं, हवं तसं रक्त मिळत नाही. मेंदू वाढतो, पण मागं राहून वाढतो. त्यात मोठं ऑपरेशन, दवाखान्यातले दिवस. कधी एखाद्या जागी इजाही होते. हृदय दुरुस्त झालं म्हणजे मेंदूचं राहिलेलं काम आपोआप पुरं झालं असं नाही. हातापायांना हुकूम तिथून सुटतो. सगळ्याच बाळांचं असं होत नाही, कुणाचं जरा उशिरानं होऊन जातं, कुणाला मदत लागते. हिला लागेल. पण मेंदू लहान आहे तोवर शिकवलेलं शिकतो, म्हणून आज आलात ते बरं झालं. नाना मध्येच म्हणाला, "मी तिला उभी करत होतो ते..." मॅडम म्हणाल्या, "ते बंद करा. त्यानं ताठरपणाच पक्का होतो."

ज्या माणसानं आयुष्यभर पोरांच्या अंगाकडे बघून सांगितलं की याच्यात दम आहे आणि याच्यात नाही, त्याला आपल्याच नातीचं अंग वाचता आलं नव्हतं. रात्री जेवला नाही. पहाटे नेहमीसारखा खणायला गेला तो उन्हं वर आली तरी परतला नाही, म्हणून मी बघायला गेले. उंबऱ्याशी उभी राहिले. सगळा खड्डा खणून झाला होता आणि तो काठावर बसून मातीचं एक ढेकूळ हातात फोडत होता. मला बघून म्हणाला, "अक्का, मी बठ्ठा पहिलवानस्ले काय सांगस? डाव आधी डोकामा बसना पाहिजे, मंग आंगमा उतरस. ज्याना डोकामा डाव नही, तो नुसता ताकद लावस आन् ताठ व्हई जास. मले हाई मालूम व्हतं, अक्का. मनी नातना बारामा मी कसा इसरनू?" मग ढेकूळ भुगा करून खाली टाकलं. "चाल. मॅडमकडे जाऊत. मले शिकनं शे."

आणि शिकला. पासष्टीच्या पुढचा माणूस, ज्याच्या पायावर पहिलवान डोकं ठेवायचे, तो त्या पोरीसारख्या मॅडमसमोर चटईवर पालथा पडून शिकला. पहिला धडा, पोरगी खाली, पोटावर. नाना म्हणाला, छातीचं हाड? मॅडम म्हणाल्या, ते कधीच जुळलं, आता जमिनीला घाबरू नका. पण घरच्या फरशीवर ती घसरायची, गोधडी गोळा व्हायची. तेव्हा नानाच्या डोक्यात आलं, माती! मऊ असते, पण दाबलं की हाताला उत्तर देते. डॉक्टरांना विचारलं, मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, माती स्वच्छ हवी आणि तोंडात जाता कामा नये, मग हरकत नाही. नानानं खड्ड्याचा एक कोपरा वेगळा केला, नवी माती आणून रव्यासारखी चाळली, उन्हात वाळवली. आणि मग भांडण झालं.

दगा पहिलवान म्हणून नानाचा जुना जोडीदार आहे, मारुतीची दिवाबत्ती तोच बघतो. तो आडवा आला. "नाना, देवासमोर खड्ड्यात बाईमाणूस?"

"बाईमाणूस? दगा, तिला अजून बसता येत नाही रे!"

"आज बसता येत नाही. उद्या बसेल, परवा चालेल, मग काय करशील?"

नाना उठला आणि त्यानं दगाला मिठीच मारली. "तुझ्या तोंडात साखर पडो! तेच तर व्हायला पाहिजे!" दुसऱ्या दिवशी दगा स्वतःच मारुतीसमोर ऊद लावून म्हणाला, "देवा, लेकरू शे, सांभाळी ले."

तो देखावा तुम्ही बघायला हवा होता. मान उचलावी म्हणून पोरीला पोटावर ठेवायचं आणि तिच्या समोर नाना पालथा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला तोंड आणून. तो दमला की दगा. तो दमला की लंगोट लावलेला एखादा जवान गडी, ओठांचा चंबू करून आवाज काढणारा. नाना मांडीवर शड्डू ठोकायचा आणि पोरगी आवाजाकडं मान वळवायची. मॅडमनी सांगितलं होतं, डाव्या बाजूनं बोला, डाव्या बाजूनं खेळणं द्या, म्हणजे डाव्या अंगाची आठवण मेंदूला होत राहील. तेव्हापासून नाना जन्मात तिच्या उजव्या बाजूला बसला नाही. जेवताना, झोपताना, रिक्षात, कायम डावीकडं. आणि तोंडात एकच वाक्य, "डावा बी लाव, माय... डावा बी लाव."

सरळ रस्ता नव्हता तो, असं कुणी समजू नका. मान धरायला लागली तर सर्दी-तापानं झोपली, शिकलेलं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. उजवीकडून पालथी व्हायची, डावा हात अंगाखाली अडकून राहायचा. कविता एकदा माझ्याजवळ रडली, म्हणाली, "आत्या, लोकांची पोरं अंगणात पळतात आणि आमच्याकडे मान उचलली म्हणून आनंद!" नानानं ते आतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाला, "कविता, पाठ टेकेपर्यंत कुस्ती हरलेली नसते. आणि आपली पाठ मी टेकू देणार नाही." मॅडमना त्यानं एकदाच विचारलं होतं, कधी चालेल? त्या खरं बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, "तारीख नाही सांगू शकत. चालेल असं मला वाटतं. डावा हात कदाचित कायम थोडा मागं राहील." नाना म्हणाला, "मागं राहू द्या, मॅडम. पण मी त्याला बसू देणार नाही."

एक सकाळ मला विसरता येत नाही. मी धुळ्यालाच होते. आखाड्यातून नानाची हाक आली ती अशी की मला वाटलं, काही झालं. धावत उंबऱ्यापर्यंत गेले. पोरगी दगाच्या कडेवर होती आणि नाना खड्ड्यात एक घमेलं पालथं घालून त्याच्याशेजारी पहारा देत बसला होता. म्हणाला, "अक्का, तथूनच देख." घमेलं उचललं. मातीत एक पंजा उठलेला होता, डावा. इतके दिवस तिथं नुसत्या मुठीची खळगी उमटायची. आज पाच बोटं होती, अंगठा जरा आत दुमडलेला, पण पाच. कुणाचा पाय पडू नये म्हणून त्यावर घमेलं! त्या दिवशी गल्लीत पुन्हा गूळ-फुटाणे वाटले. लोक विचारायचे, काय झालं, नातू झाला का? नाना म्हणायचा, "नही भो, मूठ उघडनी."

ती बसली, रांगली, आणि बरोबरीची पोरं सायकल मागायला लागली तेव्हा ती चालली, नानाच्या हातातून दगाच्या हातात. डावी टाच अजून जरा उशिरा टेकते, बुटात आधार घालावा लागतो. आता अंगणवाडीत जाते, तोंडाची तर अशी फटाकडी की बाईंनाच शिकवते. दोन्ही हातांनी करायची कामं द्या, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा नानानं लोहाराकडून एक छोटं फावडं करून घेतलं. दांड्याला जिथं डावा हात येतो तिथं आपल्या जुन्या लाल लंगोटाची पट्टी गुंडाळली, म्हणजे हात घसरू नये. मग रोज पहाटे मोठं फावडं आणि छोटं फावडं. आधी खणायचं, मग शाळा.

भाऊबीजेला तो तिला घेऊन जळगावला आला, तीच आमची शेवटची भेट. मी ओवाळलं. आरोहीनं त्याला करंजी भरवली, डाव्या हातानं, निम्मी त्याच्या मिशीत. जिना चढून आला तेव्हा त्याला धाप लागली होती. मी म्हटलं, नाना, पोरीचं हृदय दाखवायला मुंबईपर्यंत जातोस, एकदा स्वतःचंही दाखव ना. "मले काय व्हस," म्हणाला, "मी तर वस्ताद शे." ताठरपणाला ताकद समजायची त्याची खोड पोरीच्या बाबतीत सुटली, स्वतःच्या बाबतीत नाही सुटली... मी आजही त्याच्यावर रागावते त्यावरून, भांडी घासताना एकटीच.

तो गेला आणि आखाड्याला कुलूप लागलं. घरात दिवस चालू, माणसं येत-जात होती, पोरगी या मांडीवरून त्या मांडीवर. सगळे तिला जवळ घेऊन रडायचे. तेराव्याला पंगत उठल्यावर मी तिला जेवायला बसवलं आणि बघितलं, उजव्या हातानं जेवते आहे आणि डावा हात मांडीवर... मूठ मिटलेली. कुणी म्हणालंच नव्हतं तिला इतक्या दिवसांत, डावा बी लाव. कविताला दाखवलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्यापासून, आत्या. मॅडमकडं मी नेते. पण पहाटेचं मला नाही जमणार, घरातलं, डबे..." मी म्हटलं, पहाटेचं मी बघते.

दुसऱ्या दिवशी दगाला उठवलं. त्यानं कुलूप काढलं. खड्डा विटेसारखा झालेला, कडेनं भेगा पडलेल्या. नाना म्हणायचा तसाच. दगा खाली मान घालून म्हणाला, "अक्का, मी खणी देसू. पण तिच्या डाव्या बाजूला खाली कोण बसेल? माझे गुडघे वाकत नाहीत आता." मी उंबऱ्यावर उभी होते, एका हातात पोरीचा हात, दुसऱ्यात ते छोटं फावडं. दूध घेऊन यायचे तोच उंबरा, मधली झीज तेवढी वाढलेली. दगा माझ्याकडे बघत होता. मी चपला काढल्या. त्यानं मारुतीसमोरची पणती जरा पुढं सरकवली, मला खालचं दिसावं म्हणून.

माती गार होती. मी पोरीच्या डाव्या बाजूला बसले आणि तिला फावडं दिलं. तिनं मारलं, टक्कन आवाज आला आणि फावडं उडून परत आलं. पुन्हा मारलं. तिचा डावा हात दांड्यावरून सुटला, तर मी त्याला पुन्हा लाल पट्टीवर ठेवलं. मग मलाही बसवेना, मी नानाचं मोठं फावडं ओढलं. कधी हातात धरलेलं नाही, एका हातानंच कसंबसं टोचत होते. पोरगी थांबली. माझ्याकडं बघितलं. आणि कमरेवर हात ठेवून, अगदी त्याच्या आवाजात म्हणाली,

"अक्का, डावा बी लाव!"

लावला. पहिलं ढेकूळ फुटलं. वांगी मी आता धुळ्यालाच भाजते, सकाळचं खणून झाल्यावर.